प्राचीन अँडीजमधील स्थानिक सरदार आणि विस्तारणारी राज्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थानिक सरदार म्हणजे नेमके कोण?

अँडीज पर्वतरांगेतील बहुतेक समाज ‘आयल्यू’ नावाच्या गटांत विभागलेले होते. आयल्यूतील कुटुंबे स्वतःला एकाच पूर्वजाची लेकरे मानत, त्यांची जमीन आणि पाणी सामाईक असे, आणि ती एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबत. अशा एका किंवा अनेक आयल्यूंच्या प्रमुखाला केचुआ भाषेत कुराका आणि आयमारा भाषेत माल्कु म्हणत. पुष्कळ ठिकाणी समाजाचे ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे दोन भाग असत आणि प्रत्येक भागाचा प्रमुख निराळा असे. त्यामुळे एकाच मुलखात दोन सरदार, त्यांतला एक मानाने थोडा वरचढ, ही नेहमीची व्यवस्था होती.

कुराकाची श्रीमंती पैशांत किंवा जमिनीच्या कागदांत मोजता येत नसे, कारण तिथे नाणेही नव्हते आणि लिपीही नव्हती. किती माणसे त्याच्या शेतात राबायला येतात, त्याचे लामांचे कळप राखतात आणि त्याच्यासाठी कापड विणतात, यावर त्याचे वजन ठरे. ही माणसे मात्र फुकट येत नसत. चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, पोटभर जेवण आणि कोकाची पाने यांची सोय सरदारानेच करायची असे. पाहुणचारात हात आखडता घेणाऱ्या कुराकाचा शब्द फार काळ कोणी झेलत नसे. बाहेरून एखादे मोठे राज्य चालून आले, तरी आपल्या माणसांना उद्या काय खाऊ-पिऊ घालायचे हा प्रश्न त्याला सुटत नसे, आणि पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हीच अडचण आहे.

ही विस्तारणारी राज्ये कोणती?

सर्वांत परिचित राज्य इंकांचे. पंधराव्या शतकात आपल्या राजधानीच्या, म्हणजे कुस्कोच्या, खोऱ्यातून निघून त्यांनी आजच्या दक्षिण कोलंबियाच्या सीमेपासून मध्य चिलेपर्यंत आणि वायव्य अर्जेंटिनापर्यंत सत्ता पसरवली, आणि १५३२ मध्ये स्पॅनिश आले तेव्हा हा सारा विस्तार जेमतेम काही पिढ्यांचा होता. त्याआधी पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर चान चान ही राजधानी असलेले चिमू राज्य होते. त्याहीपूर्वी, साधारण इ. स. ६०० ते १००० या काळात, मध्य पेरूच्या डोंगराळ भागात वारी आणि तितिकाका सरोवराच्या दक्षिणेस तिवानाकू ही दोन सत्ताकेंद्रे होती. इंकांविषयी स्पॅनिश काळात लिहिलेली साधने आहेत, वारी-तिवानाकूविषयी फक्त जमिनीत सापडलेल्या वस्तू आहेत. साहजिकच या पानाचा बराचसा भाग इंका काळाने व्यापला आहे.

इंकांचे सैन्य दाराशी आले की सरदार काय करत?

याचे एक जवळून टिपलेले चित्र मध्य पेरूमधील मांतारो खोऱ्यातून मिळते. १५७० मध्ये व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने हाउहा येथे वृद्ध सरदारांच्या साक्षी नोंदवल्या. त्यांतल्या एका साक्षीदाराने घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत दिली. इंकाचे, म्हणजे इंकांच्या सम्राटाचे (त्यालाही ‘इंका’च म्हणत), सैन्य जवळच्या टेकडीवर येऊन थांबले होते. साक्षीदाराच्या पूर्वजाने आपल्या लोकांना लपून बसायला सांगितले आणि स्वतः दहा माणसे घेऊन इंकाला भेटायला गेला. त्याचे काय होते ते पाहून बाकीच्यांनी लढायचे की यायचे हे ठरवायचे होते. इंकाने त्याला नक्षीदार अंगरखे, पांघरायची वस्त्रे आणि चिचा पिण्याचे किमती पेले दिले. तो ते घेऊन परतला. त्याला जिवंत पाहून लोकांना हायसे वाटले आणि खोरे इंकांच्या अधीन झाले. साक्षीदारांनी हेही सांगितले की ज्यांनी मान तुकवली नाही त्यांच्यावर इंकांनी शस्त्र धरले, माणसे मारली आणि जमिनी घेतल्या.

या हकिकतीत सरदार शूर नाही आणि भेकडही नाही. त्याने धोका स्वतःवर घेतला, माणसे सुरक्षित ठेवली आणि भेटीची वस्त्रे अंगावर मिरवत परत आला. ‘प्रतिकार की शरणागती’ असा प्रश्न विचारला की या मधल्या जागेवरचे वागणे सुटून जाते, आणि अँडीजमधील बहुसंख्य सरदारांचे वागणे या मधल्या जागेतलेच होते.

काही सरदार चटकन शरण गेले आणि काही लढले, याचे कारण काय?

इंकांच्या ताकदीचा अंदाज सर्वांना कमी-अधिक सारखाच होता. फरक पडला तो शेजाऱ्यांमुळे. माझ्या मते कुराकांनी साम्राज्याला दिलेले उत्तर हे मुळात शेजारच्या कुराकाला दिलेले उत्तर असे.

तितिकाका सरोवराच्या पश्चिम काठावरचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तिथे चुकुइतोच्या लुपाका लोकांचा प्रमुख कारी आणि हातुनकोल्याच्या कोल्या लोकांचा प्रमुख सापाना यांच्यात हाडवैर होते. सोळाव्या शतकातील बखरकार पेद्रो सिएसा दे लेओन याने दिलेल्या माहितीनुसार दोघांनीही विराकोचा इंकाकडे मदतीसाठी दूत पाठवले. इंकाने अंतस्थपणे कारीच्या बाजूने कौल दिला. हे कळताच, इंका येऊन पोहोचण्याआधीच निकाल लावून टाकावा म्हणून सापानाने घाईने लढाई दिली. पाउकारकोल्याजवळच्या त्या लढाईत तो मारला गेला आणि कारी विजयी झाला. इंका पोहोचला तेव्हा भांडण मिटलेले होते आणि मध्यस्थ म्हणून पाय रोवण्याची त्याची संधी हुकली होती. तरीही इंका आणि कारी या दोघांनी सोन्याच्या मोठ्या पेल्यातून एकत्र चिचा पिऊन मैत्रीची शपथ घेतली. इंकाने आपली मुलगी देऊ केली, तेव्हा आपण आता म्हातारे झालो आहोत, तिला एखादा तरुण वर पाहावा, असे म्हणून कारीने ती सोयरीक नम्रपणे टाळली. कुस्कोची लेक घरात आली की तिच्यामागून आणखी काय काय येते, हे त्याला कळत असावे.

पुढे कोल्या लोकांनी इंकांविरुद्ध बंड केले आणि ते निर्दयपणे मोडले गेले. लुपाका सरदार मात्र टिकले, आणि १५६७ मध्ये स्पॅनिश अधिकारी गार्सी दिएस दे सान मिगेल चौकशीला आला तेव्हाही कारी आणि कुसी ही दोन घराणी चुकुइतोत अधिकारावर होती.

म्हणजे इंकांपूर्वी तिथे मोठी राज्ये होती?

बखरींवरून तसे वाटते, पण उत्खननांवरून नाही. कोल्या मुलखातील डोंगरमाथ्यांवर तटबंदीच्या गढ्या आहेत. त्यांना पुकारा म्हणतात. त्यांचा अभ्यास करता त्या प्रामुख्याने इ. स. १३०० ते १४५० या काळातल्या असल्याचे आणि एका राजाच्या हुकमतीऐवजी अनेक छोट्या, एकमेकांवर नजर ठेवून असलेल्या गटांच्या असल्याचे दिसते. लुपाकांविषयीही असाच संशय घेतला जातो.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. इंकांना खिपूवर, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या नोंदींवर, माणसे मोजायची होती, आणि त्यासाठी प्रत्येक मुलखात एकच जबाबदार माणूस हवा होता. जो सरदार योग्य वेळी त्यांच्या बाजूला उभा राहिला, त्याच्या हाताखाली त्यांनी आसपासचे गट आणले. कालचा पाच-सहा गावांचा प्रमुख अशा रीतीने हजारो कुटुंबांचा धनी झाला आणि आपले घराणे आधीपासूनच एवढे मोठे होते असे सांगू लागला. सोळाव्या शतकातील कागदांत जे ‘प्राचीन राजे’ भेटतात, त्यांतले काही साम्राज्यानेच मोठे केलेले असावेत.

शांततेने शरण जाण्याचा सर्वाधिक लाभ कोणाला झाला?

पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरील चिंचाच्या सरदाराला. १५५८ मध्ये क्रिस्तोबाल दे कास्त्रो आणि दिएगो दे ओर्तेगा मोरेहोन यांनी लिहिलेल्या अहवालात चिंचाच्या वृद्धांची आठवण नोंदली आहे. कापाक युपांकी हा इंका सेनानी प्रथम आला, तेव्हा त्याने आपण सर्वांच्या भल्यासाठी आलो आहोत आणि आपल्याला कोणाचे सोने-चांदी नको असे सांगितले. त्याने कापड आणि दागिने वाटले, आणि बदल्यात इंकाच्या नावाने एक घर, काही स्त्रिया, काही कारागीर आणि थोडी शेतजमीन एवढेच मागितले. मागणी मामुली होती. पुढच्या पिढीत तोपा इंका हा सम्राट आला तेव्हा माणसांची दशमान पद्धतीने मोजणी झाली, रस्ते आखले गेले आणि श्रमसेवेचा बोजा वाढला. चिंचाने एका दिवसात आपले स्वातंत्र्य सोडले नाही; प्रत्येक पायरीवर नाही म्हणण्याइतके मोठे कारण दिसले नाही, इतकेच.

चिंचाच्या सरदाराने यातून बरेच राखले. ला सेंतिनेला या त्याच्या राजधानीत इंकांनी स्थानिक प्रमुख वास्तूच्या शेजारीच आपले संकुल उभारले, आणि तेही कुस्कोच्या प्रसिद्ध घडीव दगडांऐवजी मातीच्या विटांनी. दोन सत्ता शेजारी शेजारी नांदत आहेत असे ते दृश्य आहे. चिंचाचे खलाशी आणि व्यापारी समुद्रमार्गाने व्यवहार करत होते, आणि तो व्यवहार डोंगराळ कुस्कोला स्वतः चालवता येण्यासारखा नव्हता. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्काच्या चौकात इंका सम्राट अताहुआल्पा स्पॅनिशांना भेटायला पालखीतून आला तेव्हा चिंचाचा सरदारही पालखीतून आला होता. इंकाच्या उपस्थितीत दुसऱ्या कोणी पालखीत बसणे ही किती मोठी गोष्ट होती, हे तिथल्या स्पॅनिशांच्याही लक्षात आले. स्पॅनिशांनी त्या दिवशी केलेल्या कत्तलीत चिंचाचा सरदारही मारला गेला.

लढलेल्यांचे काय झाले?

चिंचाच्या अगदी उत्तरेला कान्येते खोऱ्यात ग्वार्को लोक होते. त्यांनी इंकांना तीन-चार वर्षे झुलवले. सिएसा सांगतो की उन्हाळा सुरू झाला की डोंगराळ भागातील इंका सैनिकांना किनाऱ्यावरची हवा सोसत नसे आणि ते मागे फिरत. मग ग्वार्को लोक शेती करून घेत. शेवटी इंकांनी खोऱ्यात वरच्या बाजूला लुनाहुआना येथे ‘नवे कुस्को’ वसवून वेढा चालू ठेवला. त्याचे अवशेष आज इंकाहुआसी नावाने ओळखले जातात. ग्वार्को शरण आल्यावर इंकांनी त्यांची मोठी कत्तल केली आणि हाडांचे ढीग आपण पाहिल्याचे सिएसाने लिहून ठेवले आहे. बेर्नाबे कोबो या जेझुइट लेखकाने याच मुलखातील एका स्त्री-सरदाराची गोष्ट दिली आहे. तिने शरण यायला नकार दिल्यावर इंकाच्या राणीने तह झाल्याचे भासवून समुद्रदेवतेचा उत्सव करण्याची सूचना केली, आणि सारे लोक तराफ्यांवरून समुद्रात गेले असताना सैन्याने गावे ताब्यात घेतली. ही गोष्ट शब्दशः खरी मानायला मी तयार नाही, पण कपटाशिवाय हे लोक हरले नसते असा लौकिक त्यांनी मागे ठेवला, हे तीतून कळते.

मोठ्या शत्रूला मात्र इंका वेगळ्या रीतीने हाताळत. चिमूचा राजा मिंचान्सामान पराभवानंतर कुस्कोला नेला गेला, तिथे त्याला मानाने ठेवले आणि गादीवर त्याच्या मुलाला बसवले. चान चानचे कुशल धातुकारागीर कुस्कोत हलवले गेले. चिमूच्या अधिपत्याखालील खोऱ्यांचे सरदार हळूहळू थेट इंकांशी जोडले गेल्यामुळे मधला राजा नावापुरता उरला. चिमूने पूर्वी जिंकलेल्या सरदारांच्या दृष्टीने तर हा पराभव म्हणजे एक धनी जाऊन दुसरा येणे होते, आणि नवा धनी बराच दूर राहत होता.

लिमाजवळील चिल्योन खोऱ्यात कोल्यी लोकांचा प्रमुख इंकांशी लढताना मारला गेला. त्याच्या जागी इंकांनी घराण्यातला वारस न नेमता एका ‘याना’ला, म्हणजे आयल्यूशी नाते तुटलेल्या आणि थेट इंकाच्या सेवेत असलेल्या माणसाला, बसवले. ही शिक्षा सरदारांना सर्वांत झोंबणारी असावी. चाचापोया आणि कान्यारी लोकांतून तर मोठ्या संख्येने कुटुंबे उचलून ‘मित्माक’ म्हणून दूरच्या प्रांतांत वसवली गेली.

इंका सरदारांना काय देत आणि त्यांच्याकडून काय घेत?

देण्यात पहिला मान कापडाचा. कुम्बी नावाचे अतिशय तलम, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे वस्त्र इंकाच्या हातून मिळणे म्हणजे पदाला मान्यता मिळणे. त्याखेरीज पेल्यांची जोडी, बसायचे मानाचे आसन आणि काही वेळा पालखीचा हक्क मिळे. आक्याहुआसी या संस्थेत राज्यासाठी कापड विणणाऱ्या आणि चिचा बनवणाऱ्या निवडक स्त्रिया असत. त्यांतल्या काही सरदारांना पत्नी म्हणून दिल्या जात. शंभर किंवा अधिक कुटुंबांवर नेमलेल्या कुराकाला स्वतः श्रमसेवा करावी लागत नसे.

घेण्याची यादीही तितकीच लांब होती. मिता नावाची श्रमसेवा तर होतीच, पण सरदाराचा मुलगा कुस्कोत राहायला जाई, तिथली भाषा आणि रीतिरिवाज शिके, आणि बाप बंड करणार नाही याची हमीही तोच असे. सरदारांच्या मुली इंकाच्या घरात जात. प्रांताची मुख्य देवमूर्तीसुद्धा कुस्कोला नेऊन ठेवली जाई. तिची पूजा तिच्याच प्रांताचे सेवक करत, पण प्रांताने डोके वर काढले तर त्या मूर्तीला चारचौघांत फटके मारल्याच्या नोंदी आहेत.

मुलीचा बळी देऊन पद मिळवल्याची हकिकत खरी आहे का?

ही हकिकत ओक्रोस येथील आहे. रोद्रिगो एर्नांदेस प्रिन्सिपे हा पाद्री १६२१-२२ च्या सुमारास स्थानिक पूजाविधी शोधून नष्ट करत फिरत असताना त्याला ती तिथल्या लोकांनी सांगितली. काके पोमा नावाच्या सरदाराला तान्ता कार्वा नावाची, दहा वर्षांची, अतिशय देखणी मुलगी होती. कापाकोचा या बालबळीच्या विधीसाठी त्याने तिला अर्पण करण्याचे ठरवले. ती कुस्कोला गेली, तिथे इंकाने तिचा सन्मान केला, आणि परतल्यावर गावाजवळच्या डोंगरावर तिला जिवंत पुरण्यात आले. कुस्कोत माझे पुरेसे कौतुक झाले, आता उरकून घ्या, अशा अर्थाचे उद्गार तिने काढल्याचे म्हाताऱ्यांना आठवत होते. बदल्यात काके पोमाचे सरदारपद इंकाने कायम केले आणि ते त्याच्या वंशात राहिले.

कापाकोचा विधी होत असे याविषयी शंका नाही. अर्जेंटिनातील युल्यायाको शिखरावर १९९९ मध्ये तीन मुलांची गोठलेली शरीरे सापडली आहेत. ओक्रोसची हकिकत तपशिलात कितपत जशीच्या तशी उतरली असेल हे बाजूला ठेवले, तरी शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही ते घराणे आपला अधिकार याच मुलीपासून मोजत होते आणि गावकरी तिची पूजा करत होते. तिच्या भावांच्या वंशातले पुजारी बारीक आवाजात तिच्या वतीने बोलत. कुस्कोकडून मिळालेला अधिकार अशा प्रकारे गावच्या डोंगरात मुरवला गेला, आणि त्याची किंमत ज्या जिवाने मोजली त्याला कोणी विचारले नव्हते.

स्थानिक देवस्थानांचीही काही भूमिका होती का?

होती, आणि सरदारांनी ती फार हुशारीने वापरली. १६०८ च्या सुमारास हुआरोचिरी भागात केचुआ भाषेत लिहिल्या गेलेल्या हस्तलिखितात एक प्रसंग आहे. बंडखोर आटोक्यात येईनात म्हणून इंकाने सर्व प्रांतांच्या देवांना बोलावले आणि आपण इतके सोने, कापड, अन्न देतो, तर तुम्ही मदत का करत नाही, असे खडसावले. सारे गप्प राहिले. फक्त पारियाकाका पर्वतदेवाचा मुलगा माकाहुइसा पुढे आला आणि त्याने पाऊस व विजांनी बंडखोरांची गावे वाहून नेली. इंकाने जेवण पुढे केले तेव्हा असले अन्न आपण खात नाही म्हणून त्याने समुद्री शिंपले मागवले आणि कडाकडा चावून खाल्ले. मग इंकाने त्याला सेवक दिले आणि स्वतः त्याच्या उत्सवात नाचण्याचे कबूल केले.

हुआरोचिरीच्या लोकांच्या स्मरणात साम्राज्याचे नाते असे उलटे होऊन बसले होते. इंकाने आम्हाला जिंकले असे ते सांगत नाहीत. आमच्या देवाच्या मदतीवाचून इंकाचे चालत नव्हते, असे सांगतात.

सामान्य लोकांच्या आयुष्यात काय बदलले?

याचे सर्वांत भरवशाचे उत्तर पुन्हा मांतारो खोऱ्यातच मिळते, कारण तिथे सरदारांची आणि साध्या कुटुंबांची घरे शेजारी शेजारी खणून तुलना केली गेली आहे. इंकांपूर्वी लोक तुनानमार्कासारख्या डोंगरमाथ्यावरील तटबंदीच्या वस्त्यांत दाटीने राहत होते आणि सरदारांच्या घरांत मका, मांस आणि उत्तम भांडी स्पष्टपणे अधिक होती. तेव्हाच्या युद्धप्रमुखांना सिंची म्हणत, आणि लढाई चालू असेपर्यंत त्यांचे महत्त्व टिके. इंकांनंतर लढाया थांबल्या, वस्त्या मक्याला मानवणाऱ्या खालच्या उतारांवर आल्या, सामान्य घरांतही मका वाढला, आणि आहाराच्या बाबतीत दोन थरांतले अंतर कमी झाले. सरदारांचे वेगळेपण आता इंका शैलीच्या भांड्यांतून दिसू लागले. लढून कमावलेली प्रतिष्ठा मागे पडली आणि वरून मिळालेली पुढे आली.

हाडांच्या रासायनिक तपासणीतून आणखी एक गोष्ट कळते. इंका काळात या खोऱ्यातील पुरुषांच्या आहारात मक्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त झाले, आणि याआधी असा फरक नव्हता. मितावर गेलेल्या पुरुषांना राज्याकडून चिचा मिळत असे, हे त्याचे कारण असावे. घरी राहिलेल्या बाईच्या वाट्याला काम वाढले, मेजवानी आली नाही.

ही मेजवानी किती मोठ्या प्रमाणावर चाले याचा अंदाज हुआनुको पाम्पा या प्रांतिक केंद्रावरून येतो. तिथे सुमारे ५०० धान्यकोठारे आणि चिचासाठीचे प्रचंड रांजण सापडले आहेत. मांतारो खोऱ्यात तर कोठारांची संख्या २,००० हून अधिक आहे. सरदाराचा पाहुणचार आता राज्याने आपल्या अंगावर घेतला होता, पण त्यासाठी लागणारा मका त्याच सरदाराच्या माणसांनी पिकवलेला होता. हुआनुको पाम्पात सर्वत्र इंका शैलीची भांडी आहेत, आणि तिथे राबायला येणाऱ्या चुपाचू लोकांच्या गावांत ती फारशी दिसत नाहीत. सण संपला की लोक आपापल्या मडक्यांकडे परतत.

वारी आणि तिवानाकूच्या काळातही असेच घडले का?

काही ठिकाणी सरदारांनी दूरच्या राज्याची केवळ प्रतिष्ठा उचलली. उत्तर चिलेमधील सान पेद्रो दे आताकामा येथील कबरींत तिवानाकू शैलीच्या कोरीव नस्यतबकड्या (नाकाने ओढायची पूड ठेवायच्या तबकड्या) आणि वस्त्रे आढळतात. त्यांवरून पूर्वी तिथे तिवानाकूची वसाहत असल्याचे मानले जाई, पण अस्थींच्या तपासणीत अशा वस्तूंसह पुरलेले बहुतेक लोक स्थानिकच निघाले. परदेशी वस्तू जवळ असणे हे त्यांच्या गावातल्या चढाओढीत उपयोगी पडत होते.

मोकेग्वा खोऱ्यात चित्र उलटे आहे. तिथे तिवानाकूचे वसाहतकार ओमो आणि चेन चेन येथे, तर वारीचे लोक सेरो बाउल या कड्यांच्या सपाट डोंगरावर येऊन राहिले, आणि दोन्ही सत्ता एकाच खोऱ्यात नांदल्या. मूळच्या हुआराकाने लोकांच्या वस्त्यांत तिवानाकूच्या वस्तू जवळजवळ नाहीत. ते या साऱ्यापासून दूर राहिले की दूर ठेवले गेले, हे सांगणे कठीण असले तरी सगळेच स्थानिक लोक मोठ्या राज्याच्या झगमगाटाला भुलले नाहीत, एवढे नक्की.

उत्तरेकडे हुआमाचुको येथे वारी शैलीचे विराकोचापाम्पा हे भव्य संकुल अर्धवटच सोडून दिले गेले, आणि त्याच्या समोरच्या डोंगरावरचे मार्काहुआमाचुको हे स्थानिक केंद्र आधी होते तसेच नंतरही गजबजलेले राहिले.

सरदारांनी इंका शैली मनापासून स्वीकारली होती का?

इका खोऱ्यातील मातीची भांडी याचे मार्मिक उत्तर देतात. इंका काळात तिथल्या मातबरांच्या कबरींत कुस्को शैलीची भांडी येतात. इंका सत्ता कोसळल्यावर इकाचे कुंभार ती शैली टाकून इंकांपूर्वीच्या जुन्या नक्षीकडे जाणीवपूर्वक वळले. दोन पिढ्या सोयीची असलेली ओळख सोय संपताच गळून पडली. तितिकाकाकडे मात्र सिल्युस्तानी येथील चुल्पा, म्हणजे कोल्या सरदारांचे दफनमनोरे, पाहिले तर पूर्वजांना मनोऱ्यात ठेवण्याची प्रथा जुनी आणि सर्वांत देखण्या मनोऱ्यांचे घडीव दगडकाम इंका पद्धतीचे आहे. कोल्यांनी बंड करून मार खाल्ला होता, हे लक्षात घेतले की ती दगडी सफाई अधिकच विचार करायला लावते.

या सगळ्या माहितीवर कितपत विश्वास ठेवावा?

साक्ष कोण देत आहे आणि कोणापुढे, हे पाहून. तोलेदोला इंका हे जुलमी आणि अनधिकृत राजे होते असे सिद्ध करायचे होते, त्यामुळे इंकांपूर्वी सिंचींची निवड लोक करत होते हे उत्तर त्याला सोयीचे होते. उलट कुस्कोच्या आईच्या पोटी जन्मलेल्या गार्सिलासो दे ला वेगाच्या लेखनात प्रांत बहुधा समजुतीने आणि कृतज्ञतेने सामील होतात. सरदार स्वतः साक्ष देतात तेव्हा त्यांना पद, जमीन किंवा करसवलत हवी असते. चुकुइतोच्या १५६७ च्या चौकशीत कारीचा पूर्वज इंकाखालोखालचा अधिकारी होता आणि त्याची हुकमत कुस्कोपासून चिलेपर्यंत होती असे सांगितले गेले. एवढे मोठे विधान मी तरी दुजोऱ्याविना स्वीकारणार नाही. खिपूवरून वाचलेले आकडे मात्र या कथांपेक्षा पुष्कळ अधिक भरवशाचे असतात.

१५३२ नंतर या सरदारांचे काय झाले?

त्यांनी स्पॅनिशांनाही तेच उत्तर दिले जे त्यांच्या पूर्वजांनी इंकांना दिले होते. अताहुआल्पाच्या सैन्याने कत्तल केलेले कान्यारी स्पॅनिशांना मिळाले. मांतारो खोऱ्यातील सरदारांनी १५३३ पासून स्पॅनिश सैन्याला माणसे, मका, लामा आणि कापड पुरवले, आणि त्याच वेळी दिलेली तसेच लुटून नेलेली प्रत्येक वस्तू खिपूवर नोंदवून ठेवली. १५६१ मध्ये त्यांनी ते खिपू लिमाच्या न्यायालयात नेले आणि दोऱ्यांवरून वर्षावर्षाचा हिशेब वाचून दाखवला.

पाहुणचाराचा जुना प्रश्नही सुटला नव्हता. १५६६ मध्ये ग्रेगोरिओ गोन्सालेस दे कुएन्का या न्यायाधीशाने उत्तर किनाऱ्यावर चिचा पाजण्यावर निर्बंध घातले, तेव्हा तिथल्या सरदारांनी तक्रार केली की चिचा दिल्याशिवाय लोक कामाला येत नाहीत आणि आपला हुकूम मानत नाहीत.

कुराकापद केव्हा संपले?

स्पॅनिश राजवटीत ते जवळजवळ तीन शतके टिकले. १७८० मध्ये तुपाक अमारू दुसरा याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड पुकारले. तो स्वतः सुरिमाना, तुंगासुका आणि पाम्पामार्का यांचा कुराका होता. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांत चिंचेरोचा कुराका मातेओ पुमाकाहुआ अग्रभागी होता. बंड मोडल्यावर स्पेनने वंशपरंपरागत कुराकांचे अधिकार कापायला सुरुवात केली, आणि १८१४ मध्ये पुमाकाहुआ स्वतःच बंडात उतरला. पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड देण्यात आला. उरलेली पदवी स्वातंत्र्ययुद्धाचा नेता सिमोन बोलिव्हार याने ४ जुलै १८२५ रोजी कुस्कोत काढलेल्या हुकमाने रद्द केली.